चेहऱ्याला हात किती लावावा?

छायाचित्रण : वाचकांचे प्रश्न

व्यक्तिचित्रांविषयी प्रश्न पाठवा, असे गेल्या अंकात लिहिले होते. आलेल्या पत्रांपैकी बहुतेकांना कॅमेऱ्याविषयी फारसे काही विचारायचे नाही; फोटो काढून झाल्यावर संगणकावर किंवा मोबाइलवर त्याचे जे केले जाते, त्याविषयी विचारायचे आहे. म्हणून या वेळचे सदर त्या एकाच विषयाला दिले आहे. पत्रे थोडी संक्षिप्त केली आहेत.

प्रश्न : मी सांगलीत अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. आठ महिन्यांपूर्वी जुना डीएसएलआर घेतला. आजीच्या सहस्रचंद्रदर्शनाच्या दिवशी तिचे फोटो काढले आणि त्यांतला एक मोठा करून भिंतीवर लावायचा म्हणून दोन रात्री बसून एडिट केला. त्वचा स्वच्छ केली, दात पांढरे केले, डोळे उजळले. घरात सगळ्यांनी वाहवा केली. आजीने मात्र फोटो हातात घेतला, चष्मा खालीवर करून पाहिला आणि विचारले, "बाई छान आहे, पण कोण रे ही?" मूळ आणि एडिट केलेला, असे दोन्ही फोटो सोबत पाठवत आहे. माझे काय चुकले?

उत्तर : दोन्ही फोटो पडद्यावर शेजारी शेजारी लावून पाहिले. मूळ फोटोत आजी हॉलमधल्या खुर्चीत बसल्या आहेत, डोक्यावर ट्यूबलाइट आहे, कॅमेऱ्यावरचा फ्लॅश समोरून थेट पडल्यामुळे कपाळ आणि नाकाचा शेंडा चकाकतो आहे आणि औक्षणाच्या वेळी उडालेली एक अक्षता उजव्या गालाला चिकटून राहिली आहे. हनुवटीवर गोंदणाचे तीन हिरवट ठिपके आहेत. नाकाच्या दांडीवर दोन्ही बाजूंना चष्म्याने पाडलेले वण आहेत, बुबुळांभोवती वयाबरोबर येणारी फिकट करडी कड आहे आणि दातांवर मिश्रीचा काळसरपणा आहे. एडिट केलेल्या फोटोत यांपैकी एकही खूण उरलेली नाही. गंमत अशी, की कपाळावरची चकाकी, जी सगळ्यात आधी जायला हवी होती, ती मात्र जागच्या जागी आहे.

फोटोतल्या कोणत्याही दोषाला हात लावण्यापूर्वी तो दोष कोणाचा आहे हे ठरवावे, एवढेच मी नवशिक्यांना सांगत आलो आहे. कपाळावरची चकाकी आजींची नाही, तुमच्या फ्लॅशची आहे. डोळ्यांखाली दिसणारी काळी वर्तुळे बऱ्याच अंशी ट्यूबलाइटची आहेत, कारण प्रकाश वरून पडला की भुवयांची सावली डोळ्यांच्या खोबणीत साचते. याच आजी खिडकीशी बसल्या असत्या, तर निम्मी वर्तुळे तुम्ही काही न करताच गेली असती. या गोष्टी कॅमेऱ्याने आणि प्रकाशाने चेहऱ्यावर लादलेल्या असतात, त्या बेलाशक काढाव्यात. त्या दिवसापुरता उठलेला मुरूम, दाढी करताना लागलेले पाते, फुटलेला ओठ किंवा होमाच्या धुराने लाल झालेले डोळे सावरायलाही हरकत नाही, कारण आठ दिवसांनी ते आपले आपण जाणारच असते. गोंदण, तीळ, जुना वण, सुरकुत्या आणि मिश्री ही मात्र त्या माणसाची मालमत्ता आहे आणि मालकाने सांगितल्याशिवाय तिला हात लावू नये. अक्षतेचे म्हणाल, तर या हिशेबाने ती काढून टाकणे बरोबरच होते. मी असतो तर ठेवली असती.

आता हे झाले कसे, ते पाहू. गोंदण तुम्ही मुद्दाम पुसले नसणार, याची मला खात्री आहे. हीलिंग ब्रश आजूबाजूच्या त्वचेचा पोत आणि रंग उचलून डागाची जागा भरून काढतो. २००२ साली फोटोशॉपच्या सातव्या आवृत्तीत तो आला, तेव्हापासून डाग काढणे इतके सोपे झाले आहे की डाग शोधत फिरण्याची सवयच हाताला लागते. गोंदण आणि पुटकुळी यांतला फरक ब्रशला कळत नाही, आणि रात्री दीड वाजता तो ब्रश चालवणाऱ्यालाही कळेनासा होतो.

त्यातून तुम्ही फोटो दोनशे टक्के मोठा करून काम केले, असे पत्रात लिहिले आहे. तुमच्या कॅमेऱ्याचा फोटो २४ मेगापिक्सेलचा, म्हणजे साधारण ६००० बाय ४००० पिक्सेलचा आहे. १९२० बाय १०८० च्या पडद्यावर तो शंभर टक्के आकारात पाहिला, तर एका वेळी चित्राचा जेमतेम बारावा भाग दिसतो, आणि दोनशे टक्क्यांवर त्याचाही चौथा हिस्सा. इतक्या जवळून चेहरा दिसतच नाही, नुसती कातडी दिसते, आणि कातडी एवढ्या जवळून कोणाचीही चांगली दिसत नाही. अख्खा चेहरा पडद्यावर मावेल अशा आकारात काम करावे, एखाद्या डागासाठी जवळ जावे आणि तो झाला की लगेच मागे यावे. भिंतीवरचा फोटो लोक चार-पाच फुटांवरून पाहणार आहेत.

दुसरी अडचण डोळ्यांच्या सवयीची. आमटी ढवळताना जो पुन्हा पुन्हा चव घेतो, त्याची जीभ मिठाला सरावते आणि तो आणखी एक चिमूट घालतो. घरातले जेवायला बसल्यावर मग काय झाले ते कळते. स्मूदिंगचा, म्हणजे त्वचा गुळगुळीत करण्याचा, स्लायडर वीसवर असताना पहिल्या क्षणी फरक जाणवतो, पाच मिनिटांनी तोच फोटो मूळ वाटू लागतो, मग हात तिसाकडे जातो, तिथून पन्नासाकडे. तुम्ही तर दोन रात्री बसला होता. यावर माझ्याकडे दोनच उपाय आहेत आणि दोन्ही कंटाळवाणे आहेत. काम झाल्यासारखे वाटले की फाइल बंद करावी आणि दुसऱ्या दिवशी सकाळी, मूळ फोटो आधी पाहून, मगच ती उघडावी. आणि सगळी दुरुस्ती वेगळ्या लेयरवर (मूळ फोटोवरच्या पारदर्शक थरावर) करावी, म्हणजे सकाळी त्या लेयरची ओपॅसिटी, म्हणजे दाटपणा, साठ टक्क्यांपर्यंत उतरवून पाहता येते. मला आजवर असा एकही फोटो आठवत नाही, ज्यात सकाळी ती उतरवल्याने नुकसान झाले.

त्वचा गुळगुळीत करणारी साधने नेमके काय करतात, हेही समजून घ्यायला हवे. साधे स्मूदिंग म्हणजे पोत धूसर करणे. त्यात रंध्रे जातात, गालावरची लव जाते, आणि ज्या बारीक उंचसखलपणामुळे प्रकाश कुठे अडतो आणि कुठे निसटतो हे दिसते, तोच सपाट होतो. म्हणून चेहरा मेणाचा दिसू लागतो. लाइटरूम हे फोटो सुधारण्याचे सॉफ्टवेअर वापरत असाल, तर त्यातला २०१९ साली आलेला टेक्स्चर हा स्लायडर मुळात त्वचा मऊ करण्याच्या कामासाठीच रचला गेला होता. तो उणे दहा ते उणे पंधरापर्यंत नेला, तर रंध्रे शाबूत राहून खरखरीतपणा तेवढा कमी होतो. क्लॅरिटी, म्हणजे छटांमधला फरक ठळक करण्याची सोय, मात्र चेहऱ्यावर वाढवू नये. ती वाढवली की प्रत्येक सुरकुती खोल होते, मग ती खोली लपवण्यासाठी पुन्हा स्मूदिंग वाढवावे लागते, आणि हे दुष्टचक्र आपणच सुरू केले आहे हे लक्षातही येत नाही. तुमच्या फाइलमध्ये नेमके हेच झाले आहे.

डोळे आणि दात यांविषयी थोडक्यात. डोळ्यांचा पांढरा भाग कागदासारखा पांढरा कधीच नसतो. तो गोल असल्यामुळे पापणीखाली आणि कोपऱ्यांत त्यावर सावली असते, आणि ती पुसली की डोळा खोबणीतून बाहेर आल्यासारखा दिसतो. डोळ्यांत जीव येतो तो बुबुळावर पडलेल्या खिडकीच्या प्रतिबिंबाने, आणि ते फोटो काढतानाच मिळवावे लागते. दातांचा पिवळेपणा थोडा उतरवायला हरकत नाही, पण साठ वर्षे मिश्री लावणाऱ्या बाईला टूथपेस्टच्या जाहिरातीतले दात लावणे, हे मला विनोदी वाटते आणि थोडे उद्धटपणाचेही.

तुमच्या जागी मी असतो, तर ही फाइल दुरुस्त करत बसण्याऐवजी आजींचा फोटो पुन्हा काढला असता. समारंभाच्या दिवशी नव्हे. एखाद्या साध्या सकाळी नऊच्या सुमारास, थेट ऊन येत नसलेल्या खिडकीपासून दोनेक फुटांवर त्यांना बसवावे आणि खिडकी एका अंगाला ठेवून दुसऱ्या अंगाला थर्माकोलची पांढरी शीट धरायला धाकट्या भावंडाला उभे करावे. अ‍ॅपर्चर ४ च्या आसपास, शटर १/१२५ सेकंद, आयएसओ चारशे ते आठशे, आणि फ्लॅश बंद. त्या भाजी निवडत असल्या तरी चालेल, किंबहुना निवडत असल्या तर बरेच. या फोटोला दहा मिनिटांपेक्षा जास्त एडिटिंग लागले, तर मला पुन्हा लिहा.

प्रश्न : मी नाशिकला एका लग्नाच्या फोटोग्राफरकडे सहायक आहे. अल्बमचे एडिटिंग माझ्याकडे असते. जवळजवळ प्रत्येक घरातून "मुलीला थोडे गोरे करा" अशी मागणी येते. नाही म्हटले तर गिऱ्हाईक तुटते आणि केले तर फोटो विचित्र दिसतात. मध्यम मार्ग आहे का?

उत्तर : आहे, पण तो एडिटिंगच्या टेबलापासून सुरू होत नाही. "गोरे करा" म्हणणाऱ्या घरांतल्या निम्म्या तरी लोकांना "चेहरा काळवंडलेला दिसतो आहे" एवढेच म्हणायचे असते, आणि पुष्कळदा ते खरे असते. कॅमेऱ्यातला उजेड मोजणारा मीटर समोरचे सगळे दृश्य मध्यम करड्या छटेचे आहे असे धरून चालतो. नवरदेव पांढऱ्या शेरवानीत, मागे मंडपाचे पांढरे कापड आणि त्यावर दिवे, असे दृश्य आले की मीटर ते सगळे करडे करायला जातो आणि त्या नादात चेहरे अंधारात बुडतात. अशा वेळी एक्स्पोजर चेहऱ्यावरून ठरवले किंवा दोन तृतीयांश ते एक स्टॉप (एक स्टॉप म्हणजे दुप्पट प्रकाश) वाढवून घेतले, तर सावळा चेहरा सावळा राहूनही उजळ दिसतो. असा फोटो दाखवला की "गोरे करा" ही मागणी पुष्कळदा येतच नाही. तुमच्या सरांना हे सांगणे अवघड आहे, याची मला कल्पना आहे.

आता तुम्ही सध्या काय करत असाल, ते सांगतो. चुकले तर कळवा. ऑरेंज रंगाचा ल्युमिनन्स (उजळपणा) वर आणि सॅच्युरेशन (रंगाची तीव्रता) खाली. आपल्याकडच्या सगळ्याच त्वचा नारिंगी पट्ट्यात येतात, म्हणून या दोन स्लायडरनी चेहरा क्षणात गोरा होतो. पण त्याच पट्ट्यात झेंडूची तोरणे आहेत, केशरी फेटे आहेत, सोन्याचे दागिने आहेत आणि हळदही आहे. चेहरा गोरा झाला, की झेंडू शिळा दिसतो, सोने पितळ होते आणि हळदीच्या फोटोत मुलीच्या गालाला चुना फासल्यासारखा दिसतो. अल्बम विचित्र का दिसतो, याचे उत्तर चेहऱ्यात शोधू नका, तोरणाकडे पाहा.

त्वचेच्या रंगाची चाचणी आकड्यांनी करता येते आणि ती मला डोळ्यांपेक्षा विश्वासाची वाटते. कर्सर गालावर, चकाकी आणि सावली टाळून, ठेवावा आणि लाल, हिरवा, निळा यांचे आकडे वाचावेत. त्वचा गोरी असो वा काळी, साध्या उजेडात लाल सर्वांत जास्त, हिरवा त्याखाली आणि निळा सर्वांत कमी, असाच क्रम येतो. निळा हिरव्याच्या फार जवळ गेला, तर चेहरा राखट पडला असे समजावे. सावळ्या त्वचेला जबरदस्तीने उजळवताना नेमके हेच होते. लाल फारच वर गेला असेल, तर बहुधा मंडपाच्या गुलाबी किंवा लाल कापडाचा रंग चेहऱ्यावर परतला आहे; तो व्हाइट बॅलन्सने (पांढरे पांढरेच दिसावे म्हणून केलेल्या रंगांच्या जुळवणीने) आधी सुधारावा आणि मगच पुढे जावे. व्हाइट बॅलन्ससाठी ग्रे कार्ड (ठरावीक करड्या रंगाचे कार्ड) नसेल, तर भटजींचे धुतलेले उपरणे चांगले काम देते. नवे, निळसर झाक असलेले पांढरे कापड मात्र फसवते.

यात एक जुना इतिहासही आहे. रंगीत फिल्मच्या काळात छपाईच्या यंत्राचे रंग जुळवण्यासाठी कोडॅक कंपनी प्रयोगशाळांना एक नमुना-फोटो पाठवत असे. १९५० च्या दशकापासून त्यावर एक गोरी स्त्री असे आणि शर्ली नावाच्या पहिल्या मॉडेलवरून ते सगळेच नमुने 'शर्ली कार्ड' म्हणून ओळखले जात. तिचा चेहरा बरोबर आला, म्हणजे यंत्र बरोबर असे मानले जाई. बाकीच्या माणसांचे चेहरे कसे येतात, हा प्रश्न पुष्कळ वर्षे कोणी फारसा विचारलाच नाही. सावळी त्वचा फोटोत 'खराब येते', हा समज आपल्याकडे त्या काळापासून मुरलेला आहे आणि त्यात बराच दोष फिल्मचा होता. आजच्या कॅमेऱ्यांना ती अडचण उरलेली नाही. गोरेपणाचे क्रीम विकणाऱ्या एका मोठ्या कंपनीलाही २०२० साली आपल्या क्रीमच्या नावातून 'फेअर' हा शब्द काढावा लागला. आपले अल्बम अजून तिथवर आलेले नाहीत.

गिऱ्हाईक राखायचे असेल, तर वाद न घालता एकाच फोटोच्या दोन प्रती करून दाखवाव्यात, एक नीट उजळवलेली आणि एक गोरी केलेली, आणि त्या शक्यतो मुलीच्या आईला दाखवाव्यात. माझ्या अनुभवात आया पहिली निवडतात, मावश्या दुसरी. मेकअपमुळे चेहरा गळ्यापेक्षा आणि हातांपेक्षा दोन छटा गोरा झालेला असेल, तर चेहऱ्याच्या मागे लागून हात गोरे करू नयेत. गळा अर्ध्यापर्यंत आणावा आणि मेंदी भरलेले हात तसेच सोडावेत, नाहीतर मेंदीचा रंगही उतरतो. स्थळांना पाठवायचा फोटो असेल, तर मात्र मी स्पष्ट नकार देतो. तो फोटो पाहून येणारी मंडळी समोर बसून कांदेपोहे खाणार असतात.

प्रश्न : मोबाइलमधला ब्यूटी मोड बंद केला तरी माझे सेल्फी गुळगुळीतच येतात, आणि नाक मोठे दिसते. ते एडिट करून बारीक करावे का? (डोंबिवली)

उत्तर : नाक बारीक करू नका, हात लांब करा. मोबाइलचा कॅमेरा रुंद कोनाचा असतो आणि सेल्फीत तो चेहऱ्यापासून फूटभर अंतरावर असतो. त्यामुळे कॅमेऱ्याला जवळ असलेले नाक मोठे आणि लांब असलेले कान लहान दिसतात. अमेरिकेतल्या शल्यचिकित्सकांनी २०१८ साली याचे गणित मांडले, तेव्हा १२ इंचांवरून काढलेल्या फोटोत नाकाची रुंदी ५ फुटांवरून काढलेल्या फोटोच्या तुलनेत सुमारे तीस टक्के जास्त भासते, असे निघाले. म्हणून मागचा कॅमेरा वापरावा, तो दोनपट किंवा तीनपटवर ठेवावा आणि कोणाला तरी पाच-सहा फुटांवरून फोटो काढायला सांगावे. नाक आपोआप आपल्या मापावर येईल. नाक, जबडा आणि कपाळ ओढून-ताणून बदलणारी साधने मी नवशिक्यांना फोनमधून काढूनच टाकायला सांगतो.

गुळगुळीतपणाचे कारण बहुधा वेगळे आहे. कमी उजेडात फोन एकापाठोपाठ अनेक फोटो घेतो, ते एकमेकांवर रचतो आणि दाणेदारपणा घालवण्यासाठी बारीक पोतही पुसून टाकतो. ब्यूटी मोड बंद केला तरी हे चालूच राहते. उजेड वाढवला, म्हणजे खिडकीशी किंवा गॅलरीच्या दारात आलात, की फरक दिसेल. फोनमध्ये रॉ फाइल, म्हणजे फोनने पोत न पुसलेला कच्चा फोटो, घेण्याची सोय असेल तर ती वापरून पाहावी. आणि हे सगळे करण्याआधी लेन्स धुतलेल्या सुती कापडाने पुसावी. बोटांच्या तेलाचा थर बसलेली लेन्स कोणत्याही फिल्टरपेक्षा जास्त मऊ फोटो काढते.

प्रश्न : मी ७१ वर्षांचा आहे. आमच्या तरुणपणी अमरावतीत स्टुडिओत फोटो काढला की त्याला 'टचिंग' होतच असे, आणि त्याचे कोणाला काही वाटत नसे. मग आजच्या मुलांनी केले तर एवढा गहजब कशासाठी?

उत्तर : आपला मुद्दा रास्त आहे. टचिंग छायाचित्रणाइतकेच जुने आहे. म्युनिकचे छायाचित्रकार फ्रान्झ हान्फश्टेंगल यांनी १८५५ च्या पॅरिस प्रदर्शनात एकाच व्यक्तीचा टचिंग केलेला आणि न केलेला, असे दोन फोटो लोकांसमोर ठेवले होते, अशी नोंद आहे. पण त्या काळी ते का करावे लागे, हे पाहण्यासारखे आहे. जुन्या काचेच्या प्लेटांना निळा रंग चटकन दिसे आणि लाल जवळजवळ दिसतच नसे. त्यामुळे गालावरची लाली, वांग किंवा मुरमाचा फिकट डाग प्रत्यक्षात होता त्याहून कितीतरी काळा उमटत असे. टचिंग करणारा कारागीर प्लेटने सांगितलेले खोटे दुरुस्त करत असे. वर सांगलीच्या पत्राला जे उत्तर दिले आहे, ते याच कारागिरांकडून शिकलेले आहे.

मी स्वतः उमेदवारीच्या काळात एका स्टुडिओत हे काम केले आहे. उतरत्या लाकडी चौकटीत निगेटिव्ह बसवायची, खाली आरसा ठेवून खिडकीचा उजेड वर आणायचा, डोक्यावर काळे कापड घ्यायचे. निगेटिव्हवर पेन्सिल उमटावी म्हणून आधी राळेचे पातळ औषध बोटाने चोळून घ्यायचे आणि मग सुईसारखे टोक काढलेल्या कडक शिशाने स्वल्पविरामासारखे बारीक बारीक फटके मारायचे. निगेटिव्हवर शिसे चढले, की प्रिंटमध्ये तेवढी जागा उजळ होते. एका चेहऱ्याला तासभर लागे आणि तासाभराने डोळे भरून येत, म्हणून जे अगदी आवश्यक तेवढेच होई. आजच्या मुलांचे चुकते ते इथे, असे मला वाटते; पेन्सिल दमवत असे, स्लायडर दमवत नाही.

चुका मात्र तेव्हाही होत. गेलेल्या माणसाचा हार घालायचा फोटो एका ग्रुप फोटोतून वेगळा काढून मोठा करायचे काम माझ्याकडे आले होते. डाव्या भुवईतून गेलेला एक पांढरा वण मला निगेटिव्हवरचा ओरखडा वाटला आणि मी तो निगुतीने बुजवला. दुसऱ्या दिवशी त्यांच्या पत्नी फोटो घेऊन परत आल्या. त्या रागावल्या नाहीत. "यांना लहानपणी बैलाने मारले होते तिथे," एवढेच म्हणाल्या आणि फोटो काउंटरवर ठेवून उभ्या राहिल्या. वण परत आणायला मला दोन दिवस लागले.

आजचा गहजब खरे तर जाहिरातींच्या फोटोंवरून जास्त आहे. फ्रान्समध्ये १ ऑक्टोबर २०१७ पासून, मॉडेलची शरीरयष्टी बदललेली असेल तर जाहिरातीवर तसा उल्लेख करावा लागतो; नॉर्वेने २०२२ च्या जुलैपासून समाजमाध्यमांवरच्या पैसे घेऊन केलेल्या फोटोंनाही तसा नियम लावला. घरच्या भिंतीवरच्या फोटोला असा कायदा कोणी लावणार नाही. पासपोर्टच्या फोटोला मात्र हात लावू नये, तो परत येतो.

प्रश्न : व्हिडिओंमध्ये सगळे 'फ्रीक्वेन्सी सेपरेशन' शिकवतात आणि तयार प्रीसेटही (एका क्लिकवर लागणारी एडिटिंगची मापे) विकतात. नवशिक्याने कशापासून सुरुवात करावी? (कोल्हापूर)

उत्तर : दोन्हींपासून नको. फ्रीक्वेन्सी सेपरेशनमध्ये त्वचेचा पोत एका लेयरवर आणि रंग-छटा दुसऱ्या लेयरवर वेगळ्या करतात. सौंदर्यप्रसाधनांच्या जाहिरातींत, जिथे पोत राखून छटा एकसारखी करायची असते, तिथे ते मोलाचे आहे. पण नवशिक्याच्या हाती पडले की खालचा लेयर धूसर करत जाण्याचा मोह आवरत नाही आणि रंध्रे असलेले मेण तयार होते. प्रीसेट ज्याने केला, त्याच्या उजेडात आणि त्याच्या माणसांवर तो जुळलेला असतो. तुमच्या रंकाळ्याच्या संध्याकाळशी त्याची ओळख नसते.

डॉज-बर्न, म्हणजे निवडक जागा उजळ किंवा गडद करणे, आधी शिकावे. पन्नास टक्के करड्या रंगाचा एक लेयर घेऊन तो 'सॉफ्ट लाइट' या ब्लेंड मोडवर (खालच्या लेयरशी मिसळण्याच्या पद्धतीवर) ठेवावा आणि पाच टक्क्यांच्या मऊ ब्रशने, पांढऱ्याने उजळ आणि काळ्याने गडद करत, फक्त डोळ्यांखालची सावली आणि ओठांच्या कडेची घडी अर्ध्यावर आणून पाहावी. पोताला धक्का लागत नाही आणि हात सावकाश चालतो, हा त्याचा मोठा गुण. पडद्याचा ब्राइटनेस पूर्ण ठेवून काम करू नये, नाहीतर प्रिंट काळे येते आणि दोष प्रयोगशाळेला दिला जातो. मोठी प्रत काढण्यापूर्वी चार बाय सहाची एक प्रत मॅट कागदावर काढून घ्यावी आणि ज्याचा फोटो आहे त्याच्या हातात, काही न सांगता, द्यावी.